योगेशच्या चहात काहीच नव्हतं

जिना चढताना ज्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ज्यांच्या घरातलं हसतंखेळतं माणूस एखाद्या दिवशी अचानक गेलेलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बावधनला राहते, घरीच शिवणकाम करते. माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी बसवलेली आहे. ती का बसवावी लागली हे सांगायचं तर आधी भावाबद्दल सांगावं लागेल. आणि भावाबद्दल सांगायचं तर मी त्याच्या बायकोवर कसला आळ घेतला तेही सांगावं लागेल. तेवढं गाळून लिहिता आलं असतं, तर मी हे कधीच लिहून मोकळी झाले असते.

योगेश

माझं माहेर रिह्याचं. दोन्ही अंगांना डोंगर आणि मधे भाताची खाचरं. योगेश माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. त्याच्या वर्गातली निम्मी पोरं हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या चालवतात. काही जण फार्महाऊसवर राखणीला आहेत. जमीन त्यांच्याच बापाची होती, आता तिथल्या हिरवळीला पाणी मारायचं काम त्यांच्याकडे आहे. योगेशनं शेती धरली. दुसरं काही जमलं नाही म्हणून धरली असं नाही, त्याला ती मनापासून आवडायची.

इंद्रायणी तांदूळ तो स्वतः गाडीत घालून आमच्या सोसायटीच्या गेटवर आणायचा. फोन करायचा, "ताई, खाली ये. आधी वास घे, मग बोल." मी खाली जाईपर्यंत त्यानं एका पोत्याचं तोंड सोडून वॉचमनला, दूधवाल्याला, फिरायला निघालेल्या आजोबांना, सगळ्यांना वास दिलेला असायचा. बायकांना तो भात कसा शिजवायचा ते शिकवायचा. त्या हसायच्या, पण पुढच्या वर्षी त्यालाच फोन करायच्या.

एक खोड होती. दुखलं-खुपलं सांगायचं नाही. लावणीच्या दिवसांत मधेच बांधावर बसायचा, छातीवर हात ठेवून. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई गं, आत बेडूक उड्या मारतोय." गावातल्या देवळाच्या पायऱ्या चढताना एकदा घेरी येऊन पडला. उपास होता, असं त्यानंच सांगून टाकलं. खरं म्हणजे माझ्याही छातीत अधूनमधून तसा बेडूक उडायचा. मी अशक्तपणा समजून खजूर खात होते.

तो गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. ईश्वरी, त्याची मुलगी, साडेचार वर्षांची.

धुतलेला कप

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून खाचरात पसरला होता. सकाळी नवाच्या सुमाराला त्याची बायको कल्पना चहाची किटली घेऊन शेतात गेली. त्यानं बांधावर बसून चहा प्यायला. ती रिकामा कप घेऊन घरी आली. अर्ध्या तासानं कुणाच्या तरी म्हशी पसरलेल्या भातात घुसल्या. योगेश ओरडत त्यांच्या मागे पळाला. तीन खाचरं पळाला आणि चौथा बांध ओलांडताना पडला. शेजारच्या शेतातल्या माणसांना वाटलं, पाय घसरला असेल. तो उठलाच नाही.

मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा आमचा चुलत भाऊ दत्ता बाहेर उभा होता. दत्ता जमिनीच्या खरेदी-विक्रीत असतो. त्यानं मला धरलं, बाकावर बसवलं आणि हळूच विचारलं, "चहा कुणी दिला व्हता?"

एवढंच विचारलं. मला तेवढं पुरलं.

घरी आले तर कल्पना भिंतीला टेकून बसलेली. डोळ्यांत पाणी नाही. बायका तिला हलवत होत्या, "रड गं बाई, रड," आणि ती नुसती समोर बघत होती. मी विचारलं, "तो कप कुठंय?"

ती म्हणाली, "धुतला."

आज मला कळतं, घरातली कुठलीही बाई रिकामा कप आणला की धुते. मीही धुते. पण त्या क्षणी तो एक शब्द माझ्या आत काट्यासारखा रुतला आणि मग सगळं त्याच्याभोवती गोळा होऊ लागलं. आदल्या आठवड्यात दोघांचं भांडण झालं होतं. रस्त्याकडच्या तुकड्यात खोल्या बांधून भाड्यानं द्याव्यात असं तिचं म्हणणं. तिच्या माहेरी, नांद्यात, भावानं तेच केलं होतं. योगेश म्हणाला होता, मी मेल्यावर बांध. नवरा-बायको असं बोलतात. पण तो मेला होता ना.

पोलिसांना मी जबाब दिला. माझ्याच तोंडचे शब्द आहेत: माझा भाऊ ठणठणीत होता, बायकोच्या हातचा चहा पिऊन अर्ध्या तासात गेला, आणि तिनं कप धुऊन टाकला.

वाट बघणं

आतड्यांचे वगैरे नमुने तपासणीला पाठवले. अहवाल यायला बरेच महिने लागले. तोवर कल्पनाला चार वेळा चौकशीला बोलावलं. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून ती दर वेळी ईश्वरीला कडेवर घेऊन जायची. सांभाळायला माझी आई होती. पण आई तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती.

मी काय काय केलं ते लिहिते. गावातल्या किराणा दुकानात जाऊन विचारलं, कल्पनानं उंदराचं औषध कधी नेलं होतं का? दुकानदार म्हणाला, "समदेच नेत्यात. तुमची आई पन नेती." तेही मला खटकलं. वाटलं, याला कुणीतरी पढवलंय. कल्पनानं योगेशच्या कपाटाला कुलूप लावलं, तर मी ठरवलं, आत काहीतरी आहे. तिनं फोनचा नंबर बदलला, तर कुणाशी बोलते? ती शांत राहिली तर पक्की आहे, आणि चिडली तर पकडली गेली आहे. तिनं काहीही केलं तरी मला तेच दिसत होतं.

अहवाल आला. विषाचा अंश नाही. पोलिसांनी हृदय बंद पडून मृत्यू असं म्हणून प्रकरण मिटवलं.

मी मिस्टरांना म्हणाले, "हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं."

ते कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत, कमी बोलतात. म्हणाले, "वंदना, आता बास."

तर मला त्यांचाही संशय आला. यांना काय माहीत आहे? हे तिची बाजू का घेतात?

कल्पना ईश्वरीला घेऊन नांद्याला, माहेरी निघून गेली. गावात सगळे म्हणाले, बघा, गेली की नाही.

तिसरा मजला

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. योगेशला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. लिफ्ट बंद होती आणि माझ्या हातात शिवायला आलेल्या कापडांची पिशवी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे छातीतला बेडूक उडाला, नंतर उडतच राहिला. कानात शिट्टी वाजली. डोळे उघडले तेव्हा जिन्यावर ब्लाउजपीस पसरले होते आणि खालच्या घरातल्या काकू माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या.

दवाखान्यात छातीवर गार जेल लावून एक मुलगी सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवत होती. आधी ती गप्पा मारत होती, कुठल्या सोसायटीत राहता वगैरे. मग गप्प झाली. तीच जागा पुन्हा पुन्हा बघायला लागली. मग उठून बाहेर गेली. तुमच्यावर ही वेळ आली तर एक सांगते. तपासणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही ओळखायला जाऊ नका. मी त्या पाच मिनिटांत स्वतःला तीन वेगवेगळे रोग लावून घेतले होते.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं आहे का?"

"भाऊ. पण त्याचं वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?"

"त्याला चहातून घातलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पळताना गेले का ते? किंवा काही जड काम करताना?"

मी पळण्याबद्दल अक्षरही बोलले नव्हते. अशा वेळी माणसाला भावाची आठवण येईल, रडू येईल. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हिला कुणी सांगितलं? कल्पनाच्या भावाची ओळख इथपर्यंत पोचली की काय?

त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. हृदयाचे दोन कप्पे वेगळे करणारी जी भिंत असते, ती माझी जाड आहे. जन्मल्यावर लगेच दिसेलच असं नाही, वाढत्या वयात कधीतरी जाड होत जाते. बहुतेकांना त्रासही होत नाही. पण काहींच्या हृदयाचा ठेका श्रमाच्या वेळी एकदम बिघडतो, आणि मग वेळ मिळत नाही. हे रक्तातून येतं. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी.

"म्हणजे माझ्या भावाला..."

"मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मुलांना आणि भावाच्या मुलांना तपासायला हवं. तेही लवकर."

मला त्यांनी डबी बसवून घ्यायला सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. मिस्टरांनाही वाटलं, डबी बसवायला लावायचा हा धंदा असणार. आम्ही आणखी दोन ठिकाणी गेलो. पहिली फाइल दाखवली नाही. शेवटच्या ठिकाणी तर मी योगेशचं नावही काढलं नाही. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघता बघता तोच प्रश्न विचारला, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का हो?"

मी घरी येऊन शिवणयंत्रापुढे बसले. एकही शिवण घालता आली नाही.

वॉर्ड

पहिल्याच डॉक्टर बाईंकडे परत गेले. त्यांची फाइल लपवून आणखी दोन ठिकाणी जाऊन आल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत, खात्री करून घेतलीत." एवढं साधं बोलणं, पण त्यानं मला फार धीर आला.

डबी बसवली त्या आठवड्यातलं मला तुटक आठवतं. पहाटे रक्त काढणारा मुलगा. दिवसातून कितीदा तरी होणारं तेच ते, नाव काय, वय काय, कशासाठी दाखल. गोळ्यांचा ट्रे आला की मी प्रत्येक गोळीचा रंग कालच्याशी ताडून बघायची आणि सिस्टरला विचारायची, ही कालची नाही, ही कुठली? सिस्टर वैतागायची, पण सांगायची. विचारत जा. फक्त विचारल्यावर उत्तर ऐकूनही घ्या, ते मला उशिरा जमलं.

डावा हात खांद्याच्या वर उचलायचा नाही म्हणून ताकीद होती. केस विंचरता येईनात. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी फरशी पुसून झाल्यावर आपणहून आल्या, हात धुतले, आणि माझी वेणी घातली. लहान मुलीची घालतात तशी घट्ट. मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडा, पन मान हलवू नका, भांग वाकडा हुतोय."

डबीचं काम एवढंच, की ठेका तसा बिघडला तर आतून झटका देऊन तो सरळ करायचा. अजून तिला ते काम पडलेलं नाही. पण सुरुवातीला मी सतत तिच्याकडेच कान लावून असायचे. आता झटका देईल, मग देईल. मिस्टर माझ्याकडे बघत बसायचे. मी जिन्याकडे वळले की मागे यायचे, भांडं पडलं की धावायचे. एकदा मी ओरडले, "मेले नाही मी अजून!" ते खाली गेले आणि बराच वेळ बसच्या काचा पुसत बसले. घरच्या माणसाच्या भीतीचा राग येतो. येऊ द्या. पण त्याला तुमच्याइतकीच भीती वाटत असते.

आमच्या सईची, माझ्या मुलीची, तपासणी झाली. ती बारा वर्षांची आहे. भिंत बरोबर निघाली. तरी दर वर्षी बघायचं आहे.

मग उरली ईश्वरी.

नांदे

मी फाइल घेऊन नांद्याला गेले. कल्पनाच्या भावाच्या घरामागे खोल्यांची रांग आहे, त्यात कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. कल्पना दोरीवर कपडे वाळत घालत होती. मला बघून तिनं हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला.

"आता काय ऱ्हायलंय?"

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. माझ्यात काय निघालं, योगेशला तेच असणार, ईश्वरीची तपासणी करायला हवी.

"असनार?" ती म्हणाली. "दीड वरीस मी इष घातलं म्हनत व्हता. आता आजार म्हनताय. उद्या काय म्हनाल?"

"कल्पना, माझं चुकलं."

"तुमचं चुकलं, आन् मी चार येळा पोलिसात बसून आले."

तिचा भाऊ आतून आला. सगळं ऐकत असणार. म्हणाला, "पोरगी आजारी हाय आसं कागदावर आनायचं, आन् मंग जमिनीतनं तिचं नाव काढायचं. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

मी म्हणाले, आजारी माणसाचं नाव असं निघत नाही. माझंच मला ते खोटं वाटायला लागलं, अशा नजरेनं ती दोघं बघत होती. आणि त्या नजरेला मी नावं तरी कशी ठेवू? ती माझीच होती. दीड वर्ष मी तिच्याकडे तशीच बघत होते.

तेवढ्यात ईश्वरी पळत बाहेर आली. "आत्या!" म्हणून माझ्याकडे झेपावली. "पळू नको गं," मी म्हणाले. मी खाली वाकले, तर कल्पनानं तिला मधेच धरलं.

"कागद ठिवून जावा. पोरीला हात लावू नगा."

मी कागद पायरीवर ठेवला आणि निघाले.

आई

पुढच्या आठवड्यात मी पोलीस ठाण्यात गेले. लिहून दिलं, की भावजयीविरुद्ध मी जे बोलले त्याला काही आधार नव्हता, दुःखात आणि रागात बोलले. हवालदार म्हणाले, "ताई, केस कधीच बंद झाली. याचं आता काय करू?"

"फाइलीत लावा. आणि मला शिक्का मारून एक प्रत द्या."

ती प्रत घेऊन रिह्याला गेले. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. दत्तालाही बोलावलं. दोघांपुढे ती वाचून दाखवली. दत्ता म्हणाला, "मी नुस्तं इचारलं व्हतं, चहा कुनी दिला." मी म्हणाले, "व्हय. आन् मी पुढचं समदं केलं." तो उठून गेला.

आई मात्र ऐकेना. "डाक्टर काय, पैशे दिले की काय बी सांगत्यात. चांगला व्हता माझा ल्योक."

मी विचारलं, "आणि दादा?" आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मी नऊ वर्षांची असताना ते डोंगरात सरपणाची मोळी घेऊन चढताना गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आमच्या घरात कायम सांगितलं गेलं की शेजारच्या शेवंताबाईनं करणी केली. बांधावरून वाद होता. आई त्या दिवसापासून तिच्याशी बोललेली नाही. आमच्या दोन घरांच्या मधे एक भिंत आहे, शेवंताबाई पलीकडे खोकली तरी ऐकू येतं.

"दादा चढताना गेले, आई. योगेश पळताना. मी जिन्यात पडले. डॉक्टर म्हणतात, हे बापाकडून आलेलं असणार."

आई सुपातले खडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग मी येवडी वर्सं शेवंताशी बोलले न्हाई, ते?"

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

लिहून दिलेल्या कागदाची प्रत मी नांद्याला पोस्टानं पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला बसले होते. चार वेळा लिहून फाडली आणि नुसती प्रतच पाठवली.

दोन पाकिटं

पाच आठवडे काही नाही. मी रोज ठरवायचे, आज पुन्हा जाते, आणि डॉक्टर बाई म्हणायच्या, जबरदस्ती केलीत तर त्या आणखी लांब जातील.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात कल्पना, तिच्या मागे ईश्वरी. कल्पना आत आली, पण बसली नाही. पिशवीतून दोन पाकिटं काढून शिवणयंत्रावर ठेवली.

"दुसरीकडं निऊन तपासून आनली. तुमच्या डाक्टरकडं न्हाई. तुमचं नाव बी सांगितलं न्हाई."

मी पाकीट उघडलं. आता मला त्यातलं थोडं वाचता येतं. ईश्वरीची भिंत तिच्या वयाच्या मानानं किंचित जाड होती.

"त्यांनी इचारलं, घरात कोन अचानक गेलं का. मंग मी त्यांना हे दिलं." तिनं दुसऱ्या पाकिटावर बोट ठेवलं. योगेशच्या शवविच्छेदनाचा अहवाल. चौकशीला जाऊन जाऊन तिनं त्याची प्रत मिळवली होती आणि कपाटात कुलपात ठेवली होती. कधी कुणाकडून वाचून घेतली नव्हती. "भ्या वाटायचं. म्हटलं, तुमी म्हनताय तसं काय निघालं तर? मी काय केलं न्हाई, पन माझ्या हातनं काय गेलं आसंल तर?"

त्या अहवालात, विष तपासणीसाठी नमुने राखून ठेवल्याच्या ओळीच्या वर, एक ओळ होती. हृदय आकारानं मोठं, भिंती जाड. सगळ्यांचं लक्ष खालच्या ओळीकडे होतं. वरची ओळ दीड वर्ष तिथंच होती.

मी तिचे हात धरायला गेले. तिनं हात मागे घेतले.

"माझा तुमच्यावर भरवसा न्हाई," ती म्हणाली. "पन पोरीला तुमच्यासारखं हाय. तुमाला ठावं हाय म्होरं काय करायचं. म्हनून आले."

बाहेरच्या बाकावर

त्यालाही आता वर्ष झालं. ईश्वरी आठ वर्षांची होईल. तिला सध्या डबीची गरज नाही. रोज एक गोळी आहे, पळण्याच्या शर्यती बंद आहेत, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. शाळेत ती मैदानाच्या कडेला बसून गुण लिहिते आणि त्यावरून भांडतेही. शेतात यंदा वाट्यानं भात लावला होता. कल्पना नांद्याहून येऊन बघून जाते. तुमच्या घरात असं काही निघालं, तर सगळ्या रक्ताच्या माणसांना सांगा, जे तुमच्याशी बोलत नाहीत त्यांना आधी सांगा. एवढा एकच सल्ला मी खात्रीनं देऊ शकते.

मागच्या तपासणीला आम्ही तिघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ईश्वरी चित्रं रंगवत होती. कल्पना एकदम म्हणाली, "तुमी माझंच नाव का घेतलं?"

मी खूप दिवस या प्रश्नाची तयारी केली होती. तयार केलेलं काहीच आठवलं नाही. "कुणीतरी पाहिजे होतं मला," मी म्हणाले. "नुसता असाच गेला, हे मला धरवत नव्हतं."

ती समोरच्या दाराकडे बघत होती. "मला बी पाहिजे व्हतं कुनीतरी."

"आदल्या दिवशी तांदूळ द्यायला आले व्हते ते तुमच्याकडं. तुमच्या घरीच जेवले. घरी येऊन म्हनले, पोट जड झालंय, जेवत न्हाई. पोलिसांनी मला इचारलं, आदल्या दिवशी काय खाल्लं? मी म्हनले, आमच्या घरीच जेवले."

खरं होतं. तो जेवला होता. मटकीची उसळ आणि त्याच्याच तांदळाचा भात. माझ्या जबाबात ते नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्या हातचं जेवण हा कधी प्रश्न होऊ शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"माझ्या बी मनात आलं व्हतं. लई दिवस आलं. पन त्या दिवशी तुमी आमच्या अंगनात जमिनीवर बसून कशा रडत व्हता, ते मी बघितलं व्हतं."

दार उघडलं. सिस्टरनं हाक मारली, "ईश्वरी योगेश! बरोबर एकच जण."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. कल्पना पुन्हा खाली बसली, ईश्वरीचे रंग गोळा करू लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी जावा आत."

मी ईश्वरीचा हात धरून आत गेले.